ईटा अक्विलीची प्रत नुसत्या डोळ्यांनी कशी मोजावी

गरुड तारकासमूहात ईटा अक्विली नावाचा एक पिवळसर तारा आहे. दर ७ दिवस ४ तासांनी तो एकदा फुगतो, एकदा आकसतो आणि त्याबरोबर त्याचं तेज दुपटीहून जास्त वरखाली होतं. हे टिपायला दुर्बीण लागत नाही. वही, पेन्सिल आणि महिना-दीड महिना टिकेल एवढी चिकाटी पुरते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. आकाशाकडे बघताना हा तारा बदलतोय असं कधीच जाणवणार नाही. तासभर टक लावून बसलात तरी नाही, आणि काल कसा दिसला होता ते आठवून आज ताडून पाहायचं म्हटलं तर आठवण हमखास दगा देते. बदल दिसतो तो कागदावर, आकडे मांडले की. म्हणून हा लेख ताऱ्याकडे बघण्यापेक्षा नोंद करण्याबद्दलच जास्त आहे.

हाच तारा का

ज्यांचं तेज बदलतं त्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यातले काही जोडतारे असतात, एकमेकांना ग्रहण लावतात म्हणून मंदावतात. काहींवर स्फोट होतात. ईटा अक्विली तिसऱ्या जातीचा, स्पंदनशील. त्याच्या तेजातला बदल त्याच्या आतूनच येतो आणि वेळापत्रक कधी चुकत नाही.

या जातीला सेफीड म्हणतात ते वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा सेफी या ताऱ्यावरून. खरं तर मान ईटा अक्विलीचा होता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात एडवर्ड पिगॉटने १० सप्टेंबर १७८४ रोजी ईटा अक्विलीचं तेज बदलल्याचं टिपलं. त्याचा मित्र जॉन गुडरिकला डेल्टा सेफी सापडला तो त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. नाव मात्र दुसऱ्याचं रुजलं. गुडरिक लहानपणापासून बहिरा होता, या शोधाच्या वेळी वीस वर्षांचा होता आणि १७८६ मध्ये एकविसाव्या वर्षी वारला. दोघांची रीत अगदी साधी होती. बदलणारा तारा शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून पाहायचा आणि लिहून ठेवायचं. खाली दिलेली रीत तीच आहे, फक्त आता शेजाऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजाचे आकडे, नेमक्या मोजलेल्या आहेत.

नवख्यासाठी ईटा अक्विली मला डेल्टा सेफीपेक्षा सोयीचा वाटतो. तो खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेला, जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे पृथ्वीवर जिथे माणसं राहतात तिथून जवळपास सगळीकडून दिसतो. शिवाय ताडून पाहायला हवे तसे तारे त्याच्याभोवतीच बसलेले आहेत.

प्रत म्हणजे काय, दोन ओळींत

तेज सांगायचं माप म्हणजे प्रत. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. हे उलटं वाटतं, पण दोन-तीन रात्रींत अंगवळणी पडतं. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सनने या मापाला गणिताची चौकट दिली: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. (हाच पॉग्सन पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला.) ईटा अक्विली ३.५ ते ४.४ या प्रतींच्या दरम्यान हिंदकळतो. ०.९ प्रतीचा फरक म्हणजे तेजात साधारण २.३ पट.

तारा फुगतो आणि आकसतो कशामुळे

निरीक्षणाला याची गरज नाही. घाई असेल तर पुढच्या भागावर उडी मारा. पण आपण कागदावर जी रेघ काढणार आहोत तिच्यामागे काय चाललंय ते ठाऊक असलं तर ती काढायला मजा येते.

या ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत एक पट्टा असा आहे की तिथलं तापमान साधारण ४० ते ५० हजार अंश असतं. तिथे हेलियमच्या अणूंचा पहिला इलेक्ट्रॉन आधीच गेलेला असतो आणि दुसरा जाण्याच्या बेतात असतो. तारा आकसला की हा पट्टा दाबला जातो. एरवी वायू दाबला की तापतो आणि अधिक पारदर्शक होतो. इथे मात्र दाबामुळे आलेली बरीच ऊर्जा हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन सोडवण्यात खर्च होते, पट्टा अपारदर्शक होतो आणि आतून येणारा प्रकाश अडतो. उकळत्या भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा दाब वाढत जातो आणि वरचे थर बाहेर ढकलले जातात. थर पसरले की निवतात, हेलियम इलेक्ट्रॉन परत पकडतो, पट्टा पारदर्शक होतो आणि अडलेली ऊर्जा निसटते. आधार गेलेले थर पुन्हा आत कोसळतात आणि फेरा नव्याने सुरू होतो. अशा झडपेची कल्पना आर्थर एडिंग्टनने मांडली होती. ती झडप हेलियमची आहे हे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट झालं.

यात एक फसवी जागा आहे. तारा सर्वात मोठा असतो तेव्हा सर्वात तेजस्वी असणार असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तो सर्वात तेजस्वी असतो तो फुगता फुगता, मधल्या आकारातून वेगाने बाहेर जात असताना, कारण तेव्हा त्याचा पृष्ठभाग सर्वात तापलेला असतो. एका फेऱ्यात पृष्ठभागाचं तापमान साधारण हजार अंशांनी वरखाली होतं. तेजातला फरक मुख्यतः या तापमानामुळे पडतो, आकारामुळे त्यामानाने कमी.

पहिली पायरी: तारा ओळखणे

गरुडातला ठळक तारा श्रवण. जुलै-ऑगस्टमध्ये तो मध्यरात्रीच्या आगेमागे सर्वात उंच असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी, आणि डिसेंबरात सूर्यास्तानंतर पश्चिमेला उतरलेला. सुरुवात करायला ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने चांगले, कारण जागरण करावं लागत नाही.

श्रवणाच्या दोन बाजूंना दोन तारे, तिघे जवळजवळ एका रेषेत. वायव्येकडचा जास्त तेजस्वी आणि नारिंगी तो गॅमा. दुसऱ्या बाजूचा मंद तो बीटा. आता श्रवणापासून बीटाकडे जा आणि त्या दोघांत जेवढं अंतर आहे त्याच्या दुप्पट, किंचित पश्चिमेला वळून, दक्षिणेकडे पुढे चला. हात लांब करून मधली तीन बोटं जुळवून धरली की त्यांची रुंदी साधारण पाच अंश भरते. बीटापासून ईटा तेवढाच, किंवा केसभर जास्त लांब आहे.

खात्री करायची तर दुसरी खूण आहे. ईटाच्या पूर्वेला थीटा आणि पश्चिमेला डेल्टा हे दोन तारे आहेत, दोघेही ईटापेक्षा तेजस्वी. या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळपास मधोमध ईटा बसतो. दोघांतलं अंतर सुमारे १२ अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या मुठीपेक्षा थोडं जास्त. ही रेषा एकदा डोळ्यांत बसली की नंतर नकाशा उघडायची वेळ येत नाही.

चांगल्या अंधाऱ्या जागी हे सगळे तारे सहज दिसतात. शहरातून ईटा मंद असताना दिसेनासा होऊ शकतो. तिथे साधी द्विनेत्री वापरा. द्विनेत्री लावायचं ठरवलं तर मात्र प्रत्येक रात्री लावा. कधी डोळे, कधी द्विनेत्री अशी सरमिसळ नको.

दुसरी पायरी: तुलनेचे तारे

चार शेजारी आणि त्यांच्या प्रती पाठ करा, किंवा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

थीटा ३.२
डेल्टा ३.४
बीटा ३.७
आयोटा ४.४

आयोटा ईटाच्या नैर्ऋत्येला सुमारे चार-साडेचार अंशांवर आहे. या चौघांची गंमत बघा. ईटा ऐन भरात असतो तेव्हा डेल्टापेक्षा जरासाच मंद, बीटापेक्षा उजळ. आणि तळाला जातो तेव्हा थेट आयोटाच्या पंगतीला येऊन बसतो. म्हणजे पूर्ण चढउतार या शेजाऱ्यांच्या कुंपणात मावतो, कधीच बाहेर जात नाही. इतका सोयीचा शेजार फार थोड्या रूपविकारी ताऱ्यांना लाभलाय.

अधिक तारे हवेत तर अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या १९११ पासून चालत आलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुठल्याही रूपविकारी ताऱ्याचा नकाशा फुकट तयार करून मिळतो. त्या नकाशांवर प्रतीतला दशांश टिंब मुद्दाम गाळलेला असतो, कारण टिंब आणि तारा यांत घोटाळा होतो. तिथे ३७ लिहिलं असेल तर ३.७ वाचायचं.

तिसरी पायरी: प्रत ठरवणे

सगळं कसब इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

बाहेर आल्यावर लगेच मोजायला घेऊ नका. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मोबाइल खिशात. वहीवर उजेड हवा तर मंद लाल.

मग पहिला प्रश्न एवढाच: ईटा कोणापेक्षा उजळ आणि कोणापेक्षा मंद? समजा तो बीटापेक्षा मंद आहे पण आयोटापेक्षा उजळ. झालं, कुंपण सापडलं. प्रत ३.७ आणि ४.४ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता दुसरा प्रश्न: दोघांपैकी कोणाच्या जास्त जवळ? बीटा ते आयोटा हे अंतर मनातल्या मनात सारख्या भागांत तोडा आणि ईटा कुठे पडतो ते ठरवा. इथे दोघांतला फरक ०.७ आहे, म्हणून सात भाग करणं सोयीचं. समजा ईटा बीटापासून दोन भाग खाली आणि आयोटापासून पाच भाग वर वाटला. वहीत असं लिहा:

बीटा २ ईटा ५ आयोटा

प्रत काढायची ती नंतर, घरात बसून. सातातले दोन भाग, म्हणजे ०.२. ते ३.७ मध्ये मिळवले की ३.९. झाली आजची नोंद.

कुंपण हे असंच का लिहायचं, थेट ३.९ का नाही? कारण थेट आकडा लिहायची सवय लागली की मन काल लिहिलेल्या आकड्याला धरून चालू लागतं. काल ३.८ होतं, मंदावतोय म्हणजे आज ३.९ असणार, असं आतून कुणीतरी बोलतं आणि डोळे मान डोलावतात. भागांत लिहिलं की त्या आवाजाला जागा कमी मिळते. शिवाय उद्या एखाद्या शेजाऱ्याची प्रत सुधारून घ्यावी लागली तर मूळ तुलना शाबूत असते, आकडा नव्याने काढता येतो.

बीटा आणि डेल्टा यांच्या मध्ये ईटा आला, म्हणजे तो ऐन भरात असला, तर कुंपण फक्त ०.३ प्रतीचं उरतं. तिथे तीनच भाग करा. डोळ्याला दहाव्या भागापेक्षा बारीक फरक कळतो असं समजून पाच-सहा भाग करण्यात अर्थ नाही. आणि ईटा एखाद्या शेजाऱ्याइतकाच दिसला तर तसं सरळ लिहा. अशा बरोबरीच्या नोंदी बऱ्याचदा सर्वात भरवशाच्या निघतात.

आता बघण्याची रीत. एकाकडे रोखून बघत दुसऱ्याला नजरेच्या कडेने जोखू नका. डोळ्याचा मध्य आणि कड यांची प्रकाश टिपण्याची ताकद सारखी नसते. आधी एकाकडे बघा, मग दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे, प्रत्येक वेळी तारा नजरेच्या एकाच जागी आणून. दोन ताऱ्यांपैकी जो खालच्या बाजूला असतो तो अनेकांना आहे त्याहून उजळ भासतो. हा दोष टाळायला मान तिरपी करा, म्हणजे दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेषा त्या दोन ताऱ्यांच्या रेषेला समांतर येईल. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण फरक पडतो.

क्षितिजाजवळच्या हवेचं तर फारच लक्ष ठेवावं लागतं. तारा खाली उतरला की त्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो आणि मंदावतो. ३० अंश उंचीवर असलेला तारा डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने ०.२ ते ०.३ प्रत तरी हरवतो, त्याखाली गेला की तोटा झपाट्याने वाढतो. गरुड पश्चिमेला कलला की डेल्टा सगळ्यांत आधी खाली जातो आणि थीटा वर राहतो, उगवताना याच्या बरोबर उलट. म्हणून शक्यतो गरुड उंच असताना मोजा, आणि खाली असेल तर ईटाच्याच उंचीवरचे शेजारी निवडा. ढगांची पातळ झालर असेल तर त्या रात्री सोडून द्या. ती झालर ईटावर आहे की बीटावर हे कळायला मार्ग नसतो.

चंद्राचं एवढं भय नाही. पौर्णिमेच्या रात्रीही हे तारे दिसतात, फक्त चंद्र गरुडाच्या आसपास असेल तेव्हा नोंदीपुढे तसा शेरा मारा.

चौथी पायरी: वही

एका नोंदीला एक ओळ. तारीख, वेळ, तुलना, आकाशाची स्थिती, आणि नंतर काढलेली प्रत. वेळ जागतिक वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आपल्या प्रमाणवेळेतून फरक वजा करायचा एवढंच.

याच्या जोडीला रूपविकारी ताऱ्यांच्या कामात ज्युलियन दिनांक वापरतात. त्यात महिने नाहीत, वर्षं नाहीत, फक्त दिवसांची सलग मोजणी. दिवस बदलतो तो जागतिक वेळेनुसार दुपारी बारा वाजता. १ जानेवारी २००० च्या दुपारी ही मोजणी २४५१५४५.० होती. जागतिक वेळ १५:०० असेल तर दुपारपासून तीन तास झाले, म्हणजे दिवसाचा आठवा भाग, ०.१२५. दोन नोंदींतलं अंतर काढायला याच्यासारखं सोपं काही नाही, नुसती वजाबाकी. सुरुवातीला एवढा मोठा आकडा नको वाटला तर पहिल्या नोंदीला शून्य धरून पुढचे दिवस मोजा, तेही चालतं.

जुन्या नोंदी बघून मग बाहेर जाऊ नका. आदल्या पानावर क्लिप लावून ठेवा, ते बरं. नोंद करून आत आल्यावर, आज तर तो तळाला असायला हवा होता, असं वाटलं तरी ओळ खोडायची नाही. विचित्र नोंद असू द्या. ती चूक होती का नाही हे नंतर आलेखच सांगेल.

पाचवी पायरी: किती वेळा बघायचं

रात्री एकदा पुरे. एका रात्रीत चार वेळा मोजून काही हाती लागत नाही, उलट चारही आकडे एकमेकांची री ओढतात. जमेल तेवढ्या रात्री, सलग नसल्या तरी हरकत नाही.

पण एक सापळा आहे, आणि तो फक्त सुट्टीच्या दिवशी बघणाऱ्यांसाठी जणू मुद्दाम लावलाय. ईटाचा आवर्तकाल ७.१७६६ दिवस आणि आठवडा सात दिवसांचा. दर शनिवारी रात्री ठरावीक वेळी पाहिलंत तर तारा दर खेपेला आपल्या फेऱ्यात जवळजवळ त्याच टप्प्यावर भेटेल, फक्त चार तास आणि काही मिनिटं अलीकडे. आठवड्यांमागून आठवडे प्रत जवळपास तीच येईल आणि हा तारा बदलतो हे थोतांड आहे असं वाटू लागेल. त्याचा पूर्ण फेरा फक्त शनिवारांतून बघायचा तर चाळीस आठवडे लागतील, आणि तोवर गरुड सूर्याच्या उजेडात जाऊन परतही आलेला असेल. म्हणून आठवड्याचे वार मुद्दाम बदलत राहा. कामाच्या दिवशी झोपण्याआधीची पाच मिनिटं इथे सुट्टीच्या रात्रीपेक्षा मोलाची.

सहावी पायरी: आलेख

दहा-बारा नोंदी झाल्या की आलेखाचा कागद काढा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर प्रत, आणि प्रतीचा लहान आकडा वरच्या बाजूला, म्हणजे तारा उजळला की रेघ वर जाईल. याला प्रकाशवक्र म्हणतात.

पहिल्यांदा ठिपके विखुरलेले वाटतील. नवख्या माणसाच्या नोंदीत ०.१ ते ०.२ प्रतीचा खडबडीतपणा असतोच आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ताऱ्याचा स्वतःचा चढउतार ०.९ प्रतीचा आहे, तो या खडबडीतून डोकं वर काढतोच.

आता घडी घालायची. सगळे फेरे एकावर एक ठेवले तर तुटक नोंदींतून अख्खा वक्र उभा राहतो. पद्धत अशी: पहिल्या नोंदीपासून किती दिवस झाले ते घ्या, ७.१७६६ ने भागा, पूर्णांक टाकून द्या, अपूर्णांक ठेवा. समजा एक नोंद २३.५ व्या दिवसाची आहे. भागाकार ३.२७ येतो. तीन फेरे पूर्ण झाले, चौथ्या फेऱ्यातला ०.२७ एवढा भाग झाला. या अपूर्णांकाला कला म्हणतात. आता आडव्या अक्षावर दिवसांऐवजी कला मांडा, शून्य ते एक.

वीस-पंचवीस नोंदी असतील तर इथे खरी मेजवानी. ठिपके एकत्र येऊन एक वाकडी रेघ दाखवू लागतात, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते. चढ उभा, उतार लांब. ईटाला तळापासून वर यायला साधारण दोन दिवस लागतात, खाली उतरायला पाच. चिकाटीने नोंदी केल्या असतील तर उतारावर एक छोटा फुगवटा, उतरता उतरता थबकल्यासारखा, दिसण्याची शक्यता आहे. तो तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हे. सहा-सात ते पंधरा-सोळा दिवसांच्या आवर्तकालाच्या सेफीडमध्ये असा फुगवटा असतोच आणि आवर्तकालानुसार त्याची जागा सरकते. आयनार हर्ट्‌झस्प्रुंगने १९२६ मध्ये हे दाखवून दिलं.

आवर्तकाल आयता न घेता स्वतः काढायचा असेल तर हीच घडी ६.८, ७.०, ७.२, ७.४ अशा वेगवेगळ्या आकड्यांनी घालून पाहा. चुकीच्या आकड्याला ठिपके पसरतात, बरोबर आकड्याला आवळतात. दोन महिन्यांच्या नोंदींतून आवर्तकाल दिवसाच्या दहाव्या भागापर्यंत सहज सापडतो. संगणकावर तक्ता केला तर हा खेळ अर्ध्या तासाचा.

यातून अंतर काढता येतं

आवर्तकाल हाती आला की एक मोठी गोष्ट जमते. हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्डच्या वेधशाळेत काम करणाऱ्या बाईंनी १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघ या आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ रूपविकारी ताऱ्यांवरून दाखवलं की आवर्तकाल जितका लांब तितका तारा मुळात तेजस्वी. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीच्या तेजोमेघात सेफीड सापडला आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे ठरलं, ते याच नियमाच्या जोरावर.

तोच नियम आपल्या वहीला लावू. ७.१८ दिवसांच्या सेफीडची निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा दहा पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) ठेवला तर दिसेल ती प्रत, आजच्या मोजणीनुसार सुमारे उणे ३.७ येते. तुमच्या वक्रावरची सरासरी प्रत ३.९ च्या आसपास असेल. फरक ७.६. त्यात पाच मिळवा, पाचाने भागा, २.५२ आले. दहाचा २.५२ वा घात म्हणजे साधारण ३३० पार्सेक, प्रकाशवर्षांत सांगायचं तर हजाराहून थोडी जास्त.

हे अंतर खऱ्यापेक्षा जास्त आहे. वाटेतल्या धुळीने ईटाचा प्रकाश सुमारे ०.४५ प्रतीने मंदावलेला आहे, त्यामुळे तो आहे त्याहून लांब वाटतो. ती वजा करून पुन्हा मांडलं की अंतर २७० पार्सेकच्या आसपास, म्हणजे पावणेनऊशे प्रकाशवर्षं येतं. वही, पेन्सिल आणि डोळे एवढ्याच भांडवलावर हे वाईट नाही.

कॅमेरा वापरावा का

वापरा, पण डोळ्यांनी एक फेरा पुरा झाल्यावर. ट्रायपॉडवर साधा कॅमेरा, काही सेकंदांचं उघडणं, प्रतिमा किंचित अस्पष्ट म्हणजे ताऱ्याचा ठिपका जळून पांढराफट्ट होणार नाही, कच्च्या स्वरूपातली फाइल आणि तिचा हिरवा रंगपट्टा. ईटा आणि शेजारी एकाच चित्रात आले पाहिजेत. अचूकता डोळ्यांपेक्षा बरीच चांगली मिळते. तंत्र मोठं आहे, त्याला वेगळा लेख लागेल.

पुढचे तारे

डेल्टा सेफी: ५.३७ दिवस, ३.५ ते ४.४. शेजारचे झीटा (३.४) आणि एप्सिलॉन (४.२) मिळून त्याच्याशी छोटा त्रिकोण करतात. उत्तर आकाशात बराच वर असल्याने दक्षिण गोलार्धातून बहुतेक ठिकाणी तो दिसत नाही. मिथुनेतला झीटा जेमिनोरम १०.१५ दिवसांचा, ३.६ ते ४.२, हिवाळ्याच्या संध्याकाळी ईटा मावळल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून उत्तम. दक्षिणेकडच्यांसाठी बीटा डोरॅडस आहे, ९.८ दिवसांचा. ध्रुवतारासुद्धा सेफीड आहे, पण त्याचा चढउतार इतका बारीक की डोळ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही.

यातून चटक लागली तर तिमिंगल तारकासमूहातल्या मायराकडे वळा. डेव्हिड फॅब्रिशियसने १५९६ मध्ये हा तारा टिपला. तोही स्पंदनशीलच, पण प्रचंड फुगलेला तांबडा तारा, आवर्तकाल सुमारे ३३२ दिवस. भरात असताना दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, तळाला नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पार नाहीसा. आठवड्याला एक नोंद पुरते, तारा मंदावेल तसं डोळ्यांवरून द्विनेत्रीवर आणि मग दुर्बिणीवर जायचं. त्याच्या तांबड्या रंगामुळे ईटाला लागू नसलेली एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. लाल ताऱ्याकडे जितकं जास्त वेळ रोखून बघाल तितका तो उजळ वाटत जातो. म्हणून मायराकडे झटकन नजर टाका, झटकन शेजाऱ्याकडे वळा आणि पहिल्या नजरेला जे वाटलं तेच वहीत उतरवा.